सिंहासन भाड्यानं मिळेल

उमरगा तालुक्यात गेल्या आठ वर्षांत जेवढी माणसं मोठी झाली, ती सगळी माझ्या एकाच खुर्चीत बसून झाली. खुर्ची म्हणजे सिंहासन. आत प्लायवूड, वर फायबरची नक्षी, त्यावर सोनेरी रंग आणि दोन्ही हातांना दोन सिंह. हैदराबादहून आणताना डाव्या सिंहाचा कान वाटेत तुटला. तिथं मी झेंडूचं फूल चिकटवतो. मागचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली पुठ्ठा दुमडून घालतो. आजवर एकाही माणसाला ना कान दिसला ना पुठ्ठा, कारण सिंहासनावर कुणी बसलं की लोक सिंहाकडं बघत नाहीत.

मी सिद्धाराम. हायवेच्या कडेला माझं मंडप-डेकोरेशनचं गोडाऊन आहे. वडिलांनी वाटणीला दिलेलं दीड एकर विकून मी पाईप, कनाती, खुर्च्या, जनरेटर आणि हे सिंहासन घेतलं. लग्नसराई चार महिन्यांची. उरलेले आठ महिने माझं पोट दोन प्रकारचे लोक भरतात, साहेब आणि बाबा. साहेब म्हणजे पावडरचे डबे विकणाऱ्या कंपन्यांचे. तुम्ही डबा घ्यायचा, आणखी पाच जणांना घ्यायला लावायचं, त्यांनी आणखी पाच जणांना, आणि वर बसलेल्याची गाडी मोठी होत जाते. बाबा म्हणजे कोण ते सांगायला नको.

दोघांची ऑर्डर घेताना मी वही उघडत नाही, सगळं पाठ झालंय. स्टेज चार फुटांच्या खाली नको, म्हणजे समोर बसलेल्याची नजर बरोबर पायावर येते. भिंतीवर घड्याळ असलं तर काढून ठेवायचं. ज्यांनी जास्त दिलं त्यांना पुढं सोफा, त्यांच्या मागं खुर्च्या, आणि नुसतं ऐकायला आलेल्यांना सतरंजी. साहेब स्टेजवर येताना गाणं मोठं करायचं, बाबा येताना शंख. एकदा कंपनीच्या कार्यक्रमानंतर मुरूमकडचा एक शिकलेला तरुण रिकाम्या सिंहासनाच्या पाया पडताना मी पाहिला. पुढच्या आठवड्यात एका बाईनं त्याच गादीवरून पदर फिरवला आणि डोळ्यांना लावला. त्या गादीवर तालुक्यातल्या किती नवरदेवांचा घाम मुरलाय ते मला माहीत होतं. मला हसू आलं होतं तेव्हा. दुसऱ्याच्या घरातल्या माणसाला हसायला काय लागतं?

मग माझी अक्का त्यात सापडली.

अक्का म्हणजे शांतम्मा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. तिला आठ किलोमीटरवरच्या गावात दिलेली. दाजी, म्हणजे तिचे नवरे गुरुसिद्धप्पा, अडीच एकराचे शेतकरी. पोटी मूलबाळ नाही. पण दोघांचं इतकं जमायचं की माझी बायको त्यांच्याकडं बोट दाखवून मला बोलायची. दाजी बाजारातून येताना अक्काला जिलेबी आणायचे आणि ती त्यांना, दात पडल्यावर, भाकरी दुधात कुस्करून स्वतःच्या हातानं द्यायची. चार वर्षांपूर्वी दाजी झोपेत गेले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्डा खणून आत मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवतात, भस्म आणि बेल घालतात आणि वरून माती लोटतात. दाजींना त्यांच्याच शेतात, बांधाजवळ बसवलं. त्या दिवशी खड्डा खणणाऱ्यांना अक्कानं थांबवलं आणि जरा उजवीकडं सरकून खणायला लावलं. डावीकडं तिची जागा राहिली पाहिजे म्हणून. नंतर मी तिथं चार बाय चारचा ओटा बांधून दिला, वर शहाबादी फरशी घातली. अक्कानं माझा हात ओट्यावर ठेवून शब्द घेतला होता. मी गेले की मला इथं, ह्यांच्या डाव्या अंगाला बसवायचं, बाकी तू माझं काही करू नकोस. मी शब्द दिला. म्हातारं माणूस एवढंच मागत असेल तर द्यायला काय जातं, असं वाटलं होतं.

दाजी गेल्यावर अक्का एकटी पडली. मी पंधरा दिवसांनी एकदा जायचो, तेही घाईत. निर्मळछाया परिवाराच्या बायका मात्र रोज यायच्या. पांढऱ्या साड्या, छातीवर बिल्ला. त्यांनी तिला आंघोळ घातली, जेवायला घातलं, रडू दिलं. हे मी नाकारत नाही. माझ्या बहिणीच्या दारात रोज कोण येत होतं याचा हिशेब काढला तर मी त्यात कुठंच नव्हतो. वर्षभरात अक्काच्या देव्हाऱ्यात अण्णाजींचा फोटो आला. अण्णाजी म्हणजे परिवाराचे प्रमुख, साठीचे, गोरे, मऊ आवाजाचे. मग परिवाराचं दिव्याचं तेल आलं, बाजारच्या तिप्पट भावाचं. मग तिच्या पाटल्या गेल्या आणि छातीवर निळा बिल्ला आला. निळा म्हणजे साधक. पाच बायका आणल्या की हिरवा. सर्वात वर पिवळा, आधारस्तंभ, तो कशानं मिळतो ते अक्कानं मला बरेच दिवस सांगितलं नाही.

दिवाळीनंतर सांगितलं. शेत दिल्यानं मिळतो.

मी आकांडतांडव केलं. ती भाकरी थापत शांतपणे ऐकत राहिली. ओट्याचं काय, तुझ्या जागेचं काय, असं विचारलं तर म्हणाली, अण्णाजी आपलेच आहेत, ते नाही म्हणणार आहेत का. आणि मग एक वाक्य म्हणाली, ते मी ओळखलं. घरचीच माणसं आड येतात, त्यांच्यापासून जपायचं. हेच वाक्य पावडरवाल्या साहेबांच्या तोंडून मी माझ्याच माईकवर पन्नास वेळा ऐकलं होतं. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की हिला भांडून पटणार नाही, दाखवूनच पटेल. आजही मला त्या कल्पनेची लाज वाटते, पण त्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन घरी आलो होतो.

योग असा की शनिवारी बायपासच्या मैदानावर कल्पवेल नावाच्या कंपनीचा मेळावा होता आणि रविवारी तिथंच परिवाराचा. मंडप मी उतरवलाच नाही. शनिवारी लाल कापड, रविवारी पांढरं, मागचा बॅनर बदलायचा, संपलं. अक्काला सांगितलं, पाहुण्यांच्या जेवणावर लक्ष ठेवायला माणूस नाही, दोन दिवस ये. ती आली. मी तिला स्टेजच्या मागं, कनातीच्या फटीशी उलट्या क्रेटवर बसवलं. तिथून पुढचं सगळं दिसतं आणि मागचंही.

शनिवारी कंपनीचे राजशेखर सर दोन तास उशिरा स्टेजवर आले. खरं तर ते वेळेवर पोचले होते. मंडपामागं गाडीत एसी लावून इडली खात बसले होते आणि बाहेर माणसं घामानं भिजत होती. गर्दी जरा तापल्याशिवाय साहेब बाहेर निघत नाहीत. अक्कानं ते पाहिलं. मग गाणं वाढलं, साहेब आले, माणसं खुर्च्यांवर उभी राहिली, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. एका बाईनं माईक घेऊन सांगितलं की पाटल्या मोडून डबे घेतले, देताना हात थरथरला, पण दिल्यावर मन हलकं झालं आणि वर्षात दुप्पट आलं. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, तुमच्या यशाचा शत्रू तुमच्याच घरात जेवतो. शेवटी रांग लागली. बूट घातलेल्या पायांना लोक हात लावत होते आणि साहेब फोनवर बोलत होते.

रविवारी तेच. देवाशपथ सांगतो, एका गोष्टीचा फरक नाही. अण्णाजी पण वेळेवर पोचले आणि गाडीत बसून मोबाईलवर क्रिकेट बघत राहिले. मी मुद्दाम अक्काला त्या गाडीच्या बाजूनं पाणी द्यायला पाठवलं. मग शंख झाला, माणसं उठली, रडली. एका बाईनं माईक घेतला. मंगळसूत्र दिलं म्हणाली, देताना हात थरथरला, पण दिल्यावर मन हलकं झालं. हे ऐकताना अक्काच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, पोचलं. शेवटी रांग लागली, त्याच सिंहासनापुढं, आणि अण्णाजींचे पाय धुतलेलं पाणी लोकांनी ओंजळीनं घेतलं.

सगळं पांगल्यावर मी दोन कप चहा घेऊन अक्काजवळ बसलो. कधी नव्हे ते मी घाई केली नाही. तीच बोलेल म्हणून थांबलो.

"दोगं बी येकच सांगायल्यात," ती म्हणाली.

"तेच तर दाखवायचं होतं तुला."

"मंग खोटं कसं आसल, सिद्धू?" तिचा चेहरा उजळला होता, कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता. "येक कुठला, दुसरा कुठला, येकमेकाला वळकत न्हाईत. आन बोलणं शब्दाला शब्द तेच. ती बाई बी तसंच म्हणली, ही बी तसंच. माज्या मनात जरा किंतु व्हता बग, आज गेला. खोटं दर माणसाचं येगळं आस्तंय. खरं येकच आस्तंय."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी म्हणालो, अगं तो गाडीत क्रिकेट बघत बसला होता. ती म्हणाली, देवमाणसाला पण घटकाभर विरंगुळा लागतो. मी म्हणालो, कंपनीवाला चोर आहे हे तर तू मानतेस ना. ती म्हणाली, तो पैशासाठी करतो, अण्णाजी तर पैशाला हातही लावत नाहीत. ते खरंच होतं. पैशाला हात लावायला सेवाप्रमुख मल्लिनाथ होता.

मग मी चिडून सिंहासनावर थाप मारली. प्लायवूड आहे हे, म्हणालो, फायबर आहे, दोन हजार रुपये भाडं आहे याचं, कुणीही बसावं आणि देव व्हावं.

"तुला ठावं हाय ना खोटं हाय म्हणून," अक्का म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मंग त्यानला बसाया तूच कशाला देतूस?"

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं म्हणतात. मी टाळी वाजवत नव्हतो एवढंच, पोळी तर खात होतोच. मी नाही दिलं तर सोलापूरवाला देईल, असं काहीतरी पुटपुटलो. तिनं रिकामा कप माझ्या हातात दिला आणि परिवाराच्या गाडीतून घरी गेली.

आता एकच वाट राहिली होती. शेत जायचंच असेल तर जाऊ दे, निदान ओटा आणि त्याच्या शेजारची जागा वाचवायची. मी मल्लिनाथला भेटायला गेलो. त्याचं कार्यालय बसस्टँडजवळ, एका कापड दुकानाच्या माडीवर. पांढरे कपडे, कपाळाला काही नाही, बोलणं तुपातलं. त्यानं मला स्वतः उठून पाणी दिलं, सिद्धारामजी म्हणाला, मंडपाचं कौतुक केलं. मी सांगितलं की बक्षीसपत्रात दोन गुंठे वगळा, तिथं दाजी आहेत आणि उद्या बहीण बसायची आहे. तो ऐकताना मान हलवत राहिला. वकील असतो तर भांडला असता, पण त्यानं हात जोडले.

"अट घालून दिलेलं दान हे दान नसतं, सिद्धारामजी. तो व्यवहार होतो. शांतम्माताईंना व्यवहार करायचा आहे, असं मी अण्णाजींना कळवू का?"

मी म्हणालो, कळवा. मला काय ठाऊक, तो कशाला परवानगी मागतोय.

पुढच्या गुरुवारी अक्का सत्संगाला गेली तर पहिल्या रांगेतल्या तिच्या खुर्चीवर दुसरी बाई. कुणी रागावलं नाही, उठ म्हटलं नाही. नुसतं मागं सतरंजीकडं बोट दाखवलं. रोज येणाऱ्या बायका त्या दिवसापासून यायच्या थांबल्या. फोन उचलेनात. रस्त्यात समोरून आल्या तर हात जोडून पुढं जात. ज्या हातांनी तिला नवरा गेल्यावर आंघोळ घातली होती, ते हात. अकरा दिवस तिच्या घराचा उंबरठा कुणी ओलांडला नाही. मी गेलो चौथ्या दिवशी, तर दार उघडून ती म्हणाली, तुझ्यामुळं झालं हे. त्यांना वाटलं मी हिशेब करते. मी आत शिरायच्या आत तिनं दार लोटून घेतलं. बहिणीनं माझ्या तोंडावर दार लावायची ती पहिलीच वेळ.

बाराव्या दिवशी तिनं स्वतः मल्लिनाथला फोन केला आणि त्याच आठवड्यात बक्षीसपत्र झालं. दोन गुंठे सोडाच, दोन बोटंही वगळली नव्हती. साक्षीला परिवाराचेच दोघं होते. संध्याकाळी सगळ्या बायका तिच्या घरी परत आल्या, पुरणपोळ्या घेऊन. अक्का खूप रडली म्हणे, आनंदानं. मी तिला तिच्या तिच्यावर सोडलं असतं तर कदाचित तिनं आणखी वर्षभर टाळलं असतं, कदाचित टाळतच राहिली असती. मी मध्ये पडलो आणि पंधरवड्यात उरकलं.

भूमिदानाच्या सोहळ्याचा मंडप मलाच सांगितला. मी घेतला. नाही म्हणता आलं असतं. पण दुसरा कुणी आला असता तर त्यानं दाजींच्या अंगावर पाईप ठोकले असते, असं मी बायकोला सांगितलं, आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चपला घालून बाहेर पडलो. तूर नुकतीच निघाली होती. मी टेप घेऊन स्वतः मापं टाकली. ओटा आणि डावीकडची जागा सोडून चारी बाजूंनी खांब बसवले. एकही खांब त्या मातीत जाऊ दिला नाही.

पण आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला. काळी जमीन ती. सकाळी स्टेज लावायला घेतलं तर फळ्यांखालच्या लोखंडी घोड्या वीतभर आत गेल्या, फळ्या तिरक्या झाल्या. त्यावर दीडशे किलोचं सिंहासन आणि वर अण्णाजी म्हणजे दोघंही चिखलात. मल्लिनाथनं सगळीकडं फिरून पाहिलं. सबंध अडीच एकरात पक्की, सपाट, उंच जागा एकच होती. त्यानं ओट्याकडं हात केला.

मी म्हणालो, तिथं माणूस बसलाय. तो म्हणाला, ताईंनाच विचारू.

अक्का पहिल्या रांगेत, सोफ्यावर, पिवळा बिल्ला लावून बसली होती. आजूबाजूच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. मल्लिनाथनं वाकून तिच्या कानात सांगितलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. आधी ती ओट्याकडं बघत राहिली, मग बायकांकडं, मग तिनं सावकाश मान हलवली. मल्लिनाथ मोठ्यानं म्हणाला की अण्णाजींचे चरण लागणार, ताईंच्या पतींचं भाग्य उजळलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मीच गड्यांना हाक मारली आणि चौघांनी सिंहासन उचलून दाजींच्या डोक्यावर ठेवलं. मागच्या बाजूनं मी होतो. फरशी मीच बसवलेली, पाण्याची नळी लावून एका पातळीत. फक्त आखूड पायाखाली पुठ्ठा सरकवावा लागला, तो सरकवायला मी दाजींपुढं गुडघे टेकले.

हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगतोय.

पुढं वर्षभरात तिथं ध्यानमंदिर उभं राहिलं. ओटा फोडला. दाजींना हलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, ते खालीच आहेत. नकाशा असा पडला की चपला काढून ठेवायची जागा नेमकी त्यांच्यावर आली. अक्कानं ते पाहिलं त्या दिवशी प्रथमच परिवारात तोंड उघडून काही मागितलं. मल्लिनाथला विचारलं, माझी जागा कुठली? त्यानं हात जोडून सांगितलं की परिवाराच्या भूमीत समाधी फक्त अण्णाजींची होणार. बाकी तुमचं स्थान त्यांच्या चरणाशी आहेच, ताई.

ती आता माझ्याकडं राहते. गावातलं घर विकून त्याचे पैसेही तिनं त्यांना दिले, पण त्यावर भांडायचं माझ्यात बळ उरलं नव्हतं. दर गुरुवारी मी तिला टेम्पोतून सत्संगाला सोडतो. मंडप माझाच असतो, वेगळी फेरी पडत नाही. मागच्या गुरुवारी येणेगूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं आणि आम्ही बराच वेळ अडकलो. पांढरी साडी, पिवळा बिल्ला, मांडीवर तेलाची बाटली. समोरच्या ट्रककडं बघत ती म्हणाली,

"मला कुटं बसवशील रं?"

मी सांगितलं, समाजाची जागा आहे की गावाबाहेर. माझ्याकडं तर वीतभरही शेत नाही, तुला ठाऊकच आहे.

"तितं वळकीचं कुणी न्हाई," ती म्हणाली. "आसू दे."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, सोड की अक्का आता हे. तुझ्याकडं द्यायला काही राहिलं नाही, त्यांना तुझी गरज नाही. कशाला जातेस?

तिनं बाटलीचं झाकण घट्ट केलं, मग पुन्हा केलं.

"जातीया तवर म्या शेत दान दिलंय," ती म्हणाली. "ज्या दिशी जायाचं बंद करीन, त्या दिशी म्या ह्यास्नी लोकांच्या चपलाखाली घालून आल्ये, आसं व्हतंय. मला न्हाई झेपायचं ते, सिद्धू."

मागच्या सामानाच्या दोऱ्या बघतो म्हणून मी खाली उतरलो. दोऱ्या पक्क्या होत्या. मी टेम्पोच्या मागं उभं राहून रडलो, पन्नाशीचा माणूस, पुढंमागं ट्रकांचे हॉर्न वाजत असताना. रस्ता मोकळा झाला तेव्हा परत येऊन बसलो. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघतच तिनं पदराचं टोक माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "चल, उशीर व्हतोय."